तुलसी साहूचे वय

आधी माझा वाटा सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच दुसऱ्या कुणाला दोष देणार नाही. मुलींच्या फुटबॉल स्पर्धेतून आमची सर्वांत चांगली खेळाडू सामन्याच्या दिवशी बाद झाली, ती माझ्यामुळे. पंचांमुळे नाही, समोरच्या संघामुळे तर मुळीच नाही. संघाची कागदपत्रे माझ्याकडे होती. आता बसा आणि मधे न बोलता ऐका.

आमच्या पाऱ्यामागच्या, म्हणजे वस्तीमागच्या, मैदानावर मेश्राम नावाचा एक तरुण मुलींना फुटबॉल शिकवतो. नोकरी रेल्वेत, जीव मैदानात. "मॅडम, आपला देश या खेळात अजून रांगूनच राहिला आहे," असे तो नेहमी म्हणतो. "दहा-बारा वर्षांच्या पोट्ट्यांपासून सुरुवात केल्याशिवाय तो उभा नाही होणार."

पोट्ट्या! मी त्याला 'मुलींपासून' असे पुन्हा म्हणायला लावले. चौतीस वर्षे सरकारी प्राथमिक शाळेत शिकवले, शेवटची काही वर्षे मुख्याध्यापिका होते. मी निवृत्त झाले. कान निवृत्त झालेले नाहीत.

खेळातले मला काय कळते? ऑफसाइड म्हणजे काय, हे मेश्रामने टेबलावर चमचे मांडून तीनदा समजावले. चमचे तेवढे समजले. पण कागद! कागदात मला हरवणारा अजून जन्माला यायचा आहे, असे सांगून ते काम मी मागून घेतले होते.

आणि तुलसी साहू! वडील सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीवर, आई चार घरची भांडी घासते, आणि ही मुलगी चेंडू घेऊन निघाली की अडवणाऱ्या मुली नुसत्या वळून पाहत राहत. या स्पर्धेला क्रीडा छात्रावासाचे निवडकर्ते येणार होते. निवड झाली की राहणे, जेवण, शाळा, प्रशिक्षण, सगळे तिथेच. अट एकच: स्पर्धेच्या दिवशी तेरा वर्षे पूर्ण झालेली नसावीत. तुलसीची तेरा दिवाळीनंतर पूर्ण होणार होती आणि स्पर्धा सप्टेंबरात होती. म्हणजे हीच एक संधी.

नावनोंदणीच्या दिवशी शंकर नगरच्या संघातली एक मुलगी पाहून मी थबकले. माझ्यापेक्षा हातभर उंच!

"ही तेरा वर्षांखालची? हिच्या वयाच्या मुली माझ्या शाळेत बाकावर पाय लोंबकळवत बसत!"

"राहू द्या नं, मॅडम," मेश्राम कुजबुजला. "काहून वाद घेऊन राहिल्या? आपले कागद पास झाले, बस झालं."

"कशावर पास झाले?"

"आधार कार्डावर."

"आधार कार्ड हा जन्माचा पुरावा नव्हे!"

"मॅडम, हळू बोला..."

हळू? मी? त्याच दुपारी आयोजकांना दोन पानी अर्ज दिला. जन्मदाखला, नाहीतर शाळेची मूळ दाखल-खारिज नोंदवही; आधार कार्ड चालणार नाही; कोणत्याही संघाला सवलत देऊ नये. शेवटचे वाक्य मी पट्टीने दोनदा अधोरेखित केले. अर्ज इतका मुद्देसूद होता की बिचाऱ्यांना मान्य करावाच लागला.

सामन्याच्या सकाळी तपासणी झाली. त्या उंच मुलीने रुग्णालयाचा जन्मदाखला पुढे केला. वय अकरा वर्षे, चार महिने! "आंटी, हमारे घर में सब ऐसे ही हैं," असे म्हणून ती माझ्या पाया पडायला वाकली. वाकल्यावरसुद्धा ती माझ्या खांद्यापर्यंत येत होती, आता बोला.

मग आमची पाळी. तुलसी गावी घरीच जन्मली, दाखला नाही. तेव्हा शाळेची नोंदवही आली. शाळा कोणती? माझीच! लाल कापडात बांधलेली ती वही पाहून मला अभिमानाने भरून आले.

तपासनिसाने पान उघडले, बोटांवर मोजले.

"तुलसी साहू, एक जुलाई. मैडम, तेरह पूरे हो गए. दो महीने ऊपर हैं."

"शक्यच नाही! ही नोंद ज्याने केली, त्याला बोलवा!"

मेश्रामने वही माझ्याकडे वळवली. ताठ, टपोरे अक्षर. खाली माझी सही.

"हम तो बोले थे मैडम, देवारी के बाद की है," तुलसीची आई म्हणाली. "आप ही बोलीं, लड़की होशियार है, चार महीने के लिए साल क्यों बिगाड़ना."

बोलले असेन. नव्हे, बोललेच. सहाला काही महिने कमी असलेले मूल आले की मी पहिली जुलै लिहून मोकळी होत असे. माझा निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला होता, आणि मी ते पुण्य समजत होते.

"आधार देख लो साहब," तुलसीचे वडील हात जोडून म्हणाले. "उसमें सही तारीख है."

"भैया, आधार नहीं चलेगा." तपासनिसाने माझा अर्ज वर धरला. "मैडम ने खुद लिखकर दिया है. किसी को छूट नहीं. देखिए, दो बार लाइन भी खींची है."

मी म्हणाले, "पण या एका प्रकरणात..." आणि समोर माझीच दोनदा अधोरेखित केलेली ओळ दिसली.

तुलसीने बूट काढून राखीव मुलीला दिले आणि माझ्या शेजारी येऊन बसली. रडली असती तर बरे झाले असते.

"मैडम, मैं सच में कब पैदा हुई?"

"दिवाली के बाद, बेटा."

"तो फिर लिखा क्यों नहीं?"

आम्ही चार गोलांनी हरलो. निवडकर्त्यांनी त्या उंच मुलीचे नाव लिहून घेतले आणि ते निघून गेले. छात्रावासाची ती वाट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी साहूंच्या अंगणात आम्ही पाचजण बसलो. असे ठरले की तुलसीची जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायची, म्हणजे पुढच्या वयोगटात तरी हे चार महिने तिचे तिला मिळतील. त्यासाठी मी शपथपत्र द्यायचे. मजकूर मेश्राम लिहील. मी फक्त सही करायची. तुलसी "हव" म्हणाली, आईवडिलांनी मान डोलावली.

मेश्रामने मजकूर वाचून दाखवला: 'ही नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली.' 'जाणूनबुजून' हा शब्द वगळावा, असे मी सुचवले. मत घेतले गेले. शब्द ठेवावा, या बाजूने चार मते पडली आणि थोड्या वेळाने पाचवे, माझे.