ताटावरचं नाव

"दिसेल तेच लिहायचं." रंगनाथ हे इतक्यांदा म्हणत, की ऑफिसातली मंडळी माघारी त्यांना 'दिसेल तेच' म्हणूनच ओळखत. वाशीमहून पुण्यात येऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. सदाशिव पेठेतल्या एका संशोधन संस्थेसाठी ते घरोघर फिरत आणि गरिबीच्या अभ्यासाचे फॉर्म भरत. त्यांच्या फॉर्मवर आजवर कुणी लाल रेघ ओढली नव्हती.

या खेपेचा अभ्यास असा होता, की अगदी गरीब घराला एकदा शिलाई मशीन दिलं, शिवण शिकवलं, तर दोन वर्षांत ते घर सावरतं का? घरातल्या वस्तूंना गुण होते. गुण कमी, त्याला मशीन.

विश्रांतवाडीत सोजरबाईंच्या पत्र्याच्या खोलीत ते गेले, तेव्हा खुर्ची मांडलेली होती, टेबलफॅन भिरभिरत होता. स्टीलच्या ताटात ठेवून चहाचा कप आला. कप उचलला आणि खाली कोरलेलं नाव दिसलं, 'सौ. मंदाकिनी'. म्हणजे शेजारीण; तिच्या घरचा फॉर्म त्यांनी नुकताच भरला होता. पाहुणा येणार म्हणून बाईनं घर उसनं आणलं होतं. पंख्याची वायरसुद्धा भिंतीपलीकडून आलेली.

विचारलं असतं, तर बाईची मान खाली गेली असती. रंगनाथांनी विचारलं नाही. खुर्ची आहे, पंखा आहे, असं लिहिलं आणि वर म्हणाले, "घर झकास ठेवलंय हं."

यादी लागली. सोजरबाई दोन गुणांनी बाहेर राहिल्या.

चार दिवसांनी रंगनाथ अभ्यासाच्या प्रमुख नम्रता मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. सगळं ऐकून मॅडमनी चष्मा काढला. "आपल्याला दिसलं नव्हतं, की आपण लिहिलं नव्हतं?"

रंगनाथांनी भरलेला फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला.

"बाईंनी स्वतः लिहून दिलं तर फेरतपासणी लावते. शब्द देत नाही."

कागद घेऊन ते विश्रांतवाडीला गेले. या वेळी बसायला पोतं होतं.

"वस्तू उसन्या होत्या, एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "अंगठा द्या."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"ताटावर नाव होतं."

 सोजरबाई हळूच म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाय, पर नाव कुठं हाय ते ठावं हाय. कप त्याच्यावरच ठिवला हुता म्या." डोळ्यांत पाणी आलं, तरी आवाज धारदार होता. "म्हंजे तवाच कळलं तुमाला! आन् वर झकास म्हणून गेला! अवो, तवाच लाजवलं असतं तर मशीन तरी आलं असतं."

रंगनाथांचे कान तापले.

"अंगठा देते," बाई म्हणाल्या. "पर माझं एकटीचंच का लिवायचं? तुमाला काय दिसलं हुतं, ते बी लिवा."

पेन उचलायला त्यांना वेळ लागला. मग खाली त्यांनी लिहिलं, "मला दिसले होते. मी लिहिले नाही." सही केली. वाचून दाखवलं. मग शेजारी बाईचा अंगठा उमटला.

निरोप घेताना ते 'दिसेल तेच लिहायचं' हे नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. कागद छातीशी धरून, मान खाली घालून बोळातून चालत गेले. सोजरबाई शाईचा अंगठा पदराला न पुसता दारात उभ्या राहून बघत होत्या. पलीकडच्या दारात मंदाकिनी तेच ताट घासत होती. तिचाही हात थांबला.