केसाळ्याचा शेवटचा भाग

माझं लग्न एका केसाळ प्राण्यामुळे ठरलं. (नवऱ्याबद्दल बोलत नाहीये.)

टीव्हीवर तेव्हा एक मालिका लागायची. त्यात अंगभर केसांचा केसाळ्या गावाला पिडायचा. गावातलंच कुणीतरी हे सोंग घेऊन फिरतंय, एवढं सगळ्यांना कळलं होतं. कोण, ते शेवटच्या भागात कळणार होतं. त्यावरून आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत दोन तट पडले आणि दोन्ही तटांचे पुढारी नेमके आमच्याच घरात.

"कंपाउंडर," बाबा म्हणायचे. "केसाळ्या कंदील डाव्या हातात धरतो. कंपाउंडर सुई कुठल्या हातानं टोचतो?"

"मालकीणबाई," आई म्हणायची. "केसाळ्या पायपुसण्याला पाय पुसून आत येतो. तुमच्या अख्ख्या खानदानात असा पुरुष झालाय का?"

झालं, अबोला. "तुझ्या बाबांना सांग, भाजीत मीठ कमी वाटलं तर कंपाउंडरकडून घ्या," असले निरोप पोचवून माझं डोकं उठलं होतं.

त्यात मनमाडचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, फोटोत हसरा. मला तो फोटोतच आवडला होता, आणि याआधीची सगळी स्थळं 'पत्रिका जुळत नाही' म्हणून फिरकली नव्हती, त्यामुळे हे हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. पण बघायला यायची वेळ त्यांनी कळवली रविवारी संध्याकाळी सहाची. म्हणजे बरोब्बर शेवटचा भाग. बाबांनी "सात चालेल का" म्हणून विचारून पाहिलं. नाही म्हणाले, सहालाच.

कारण ते आल्यावर कळलं. मुलाच्या आईनं चपला काढता काढताच विचारलं, "टीव्ही लावता का जरा? आमच्याकडे रविवारी सहाला लाईट जाते हो."

मग काय विचारता. मुलाचे वडील कंपाउंडरवाले निघाले, बाबांनी त्यांना जवळजवळ मिठीच मारली. मुलाची आई पायपुसणंवाली. दोघी आया एका दिवाणावर, हातात हात. मी स्वयंपाकघरात साडी नेसून उभी. हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही, अशी आईची सक्त ताकीद. पोहे गार पडले, वरचं खोबरं सुकलं, तरी हाक येईना. मुलगी बघायला आलेत की टीव्ही?

शेवटी माझं टाळकं सरकलं. ट्रे उचलला, तरातरा बाहेर गेले आणि सगळ्यांच्या समोर मधोमध उभी राहिले. म्हणजे टीव्हीच्या पुढ्यात. त्याच क्षणी मागे ढॅण करून संगीत वाजलं आणि केसाळ्याचा मुखवटा निघाला.

"बाजूला हो!" सगळे एका सुरात ओरडले. मी घाबरून जिथल्या तिथे थिजले. हलले तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

"मुलगी आहे की भिंत?" मुलाचे वडील पुटपुटले. बाबांनी माझी बाजूही घेतली नाही. मी आत जाऊन रडायला लागले. हेही स्थळ गेलं, आणि ते पत्रिकेमुळे नाही, माझ्या आकारामुळे.

एवढ्यात बाहेरून मुलाचा आवाज आला. "मला मुलगी पसंत आहे."

माझ्या लक्षात आलं, ओरडला नव्हता तो एकटाच. मी समोर उभी होते तेव्हा डोळ्यांची पापणीसुद्धा न लववता माझ्याकडेच बघत होता. त्या नजरेवर मी लग्नापर्यंतचे दिवस तरंगत काढले.

लग्नानंतर एकदा लाजत लाजत विचारलं, "तेव्हा एवढं टक लावून काय बघत होता हो?"

"तुझ्या कोपराखाली फट होती ना, तिच्यातून टीव्ही दिसतो का ते."

"मग पसंत आहे कशाला म्हणालात?"

"बाकी कुणालाच काही दिसलं नाही. मला केसाळ्याचा एक कान तरी दिसला. खुशीत होतो गं, म्हणून टाकलं."