दुखवट्यातला ठोका

तोकिलुपेचे हात कधी स्वस्थ बसले नाहीत. प्रार्थनेला जोडले तरी बोटं एकमेकांवर वाजायची, आणि झोपेत ती नवऱ्याच्या पाठीवर ठोके धरायची.

"माझी पाठ काय ओंडका आहे?" सेमिसी कूस बदलत कुरकुरायचा.

"ओंडका बरा, निदान घोरत नाही," ती डोळे न उघडताच म्हणायची.

वावाऊ बेटावरच्या त्या गावात उजाडायचं तेच लाकडी मोगऱ्यांच्या आवाजानं. बायका झाडाच्या आतल्या सालीच्या ओल्या पट्ट्या ओंडक्यावर ठोकत राहायच्या. ठोकता ठोकता चार बोटांची पट्टी हातभर रुंद होते, आणि अशा कित्येक पट्ट्या चिकटवल्या की तापा, म्हणजे सालीचा कपडा, तयार होतो. लग्न असो, मयत असो, चर्चला द्यायचं असो, तापा लागतोच. एका ओंडक्याला दोघी समोरासमोर बसतात. एकीची मोगरी वर गेली की दुसरीची खाली येते. तोकिलुपे आणि शेजारची कालोलाइनी नव्या नवऱ्या म्हणून गावात आल्या तेव्हापासून एकाच ओंडक्याला बसत होत्या, कालोलाइनीच्या अंगणातल्या नीरफणसाखाली.

तोकिलुपेचं पहिलं मूल गेलं तेव्हा गावातल्या बायका येऊन रडून गेल्या. कालोलाइनी रडलीही नाही, काही बोललीही नाही. चौथ्या-पाचव्या सकाळी तिनं तोकिलुपेला हाताला धरून अंगणात आणलं, मोगरी हातात दिली आणि समोर बसली. आधी हात चालू लागला. मन कुठेतरी मागे राहिलं होतं, ते बऱ्याच दिवसांनी हाताच्या मागून आलं. देव माणसाला कसा उचलून उभं करतो ते मला त्या ओंडक्यावर कळलं, असं तोकिलुपे पुढे सांगायची.

चर्चमध्येही दोघी शेजारीच बसायच्या. उपदेश लांबला की तोकिलुपेचा गुडघा हलायला लागायचा. कालोलाइनी समोर बघत बघतच त्यावर तळवा ठेवून तो दाबून धरायची.

"देवाचं ऐक," ती पुटपुटायची, "गुडघ्याचं नको."

असं सगळं सुरळीत चाललं असताना ती सकाळ आली. तोकिलुपे नेहमीसारखी बोलत होती. पाद्रीणबाईंनी अळूच्या पानात बांधून केलेल्या मटणाला मीठच नव्हतं, आणि सगळ्यांनी कसं मान डोलावून खाल्लं, हे ती रंगवून सांगत होती. कालोलाइनी हसली नाही. हूं की चूं केलं नाही. पण तिची मोगरी येत होती, आपल्या वेळेला, अगदी नेमकी, म्हणून तोकिलुपेनं वर पाहिलंच नाही. हातांची इतक्या वर्षांची ओळख. डोळ्यांची गरज कुणाला होती? मग पट्टीला भोक पडलेलं दिसलं. कालोलाइनीची मोगरी कधीपासून एकाच जागी पडत होती. साल फाटून खालचं लाकूड उघडं पडलं होतं.

"अगं, झोपलीस की काय बाई?" म्हणत तोकिलुपेनं मान वर केली.

कालोलाइनीचं तोंड एका बाजूला गेलं होतं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती. डोळे भलतीकडे. आणि उजवा हात तसाच वर-खाली, वर-खाली. तोकिलुपेनं आपली मोगरी टाकली तेव्हा कुठे तो हात थांबला, तो पुन्हा उचललाच नाही.

इस्पितळातून ती घरी आली ती उजवी बाजू लुळी घेऊन, वाचा गमावून. तोकिलुपेला कुणी दोष दिला नाही. पण ठोका एकदा जरी चुकला असता तरी मी वर पाहिलं असतं, हे तिच्या मनातून जाईना.

कालोलाइनीची खाट तिच्या सुनेनं, लेसिएलीनं, अंगणाकडच्या खिडकीशी लावली. तोकिलुपे रोज येऊन एकटीच ओंडक्याला बसू लागली. एक ठोका द्यायचा, दुसऱ्याची जागा मोकळी सोडायची. आणि एके दिवशी त्या मोकळ्या जागेत खिडकीतून आवाज आला. टक्.

लेसिएली धावतच बाहेर आली. "मावशी, अगं सासूबाईंचा डावा हात! खाटेच्या कडेवर बोट आपटतायत. आम्ही चमचा दिला, फणी दिली, कशाला हात लावला नाही. तुझ्या मोगरीला बरा उठला!"

"उठणारच," तोकिलुपे म्हणाली. "माझी बडबड थांबवायला आणखी कोण उठणार?" आणि पदरात तोंड लपवावं तसं तिनं कमरेला गुंडाळलेल्या चटईत तोंड लपवलं.

औषध द्यायला येणारी नर्स म्हणाली, हे सोडू नका, रोज करा. त्यानंतर तोकिलुपेनं एकही सकाळ चुकवली नाही. टक् जोरात येऊ लागली.

आणि मग म्हातारा हावेआ वारला. सरदाराच्या वतीनं सभेत बोलणारा, मानाचा माणूस. अशा माणसाच्या दुखवट्यात गावात मोगरी वाजत नाही. भजनं चालतात, रडणं चालतं, लाकडावर लाकूड पडायचं नाही. तोकिलुपेनं मोगऱ्या धुऊन आढ्याला खोचून ठेवल्या आणि तिची तगमग सुरू झाली. घरभर फिरायची, झाडलेलं पुन्हा झाडायची. दिवसातून कितीदा तरी कालोलाइनीकडे जायची. डावा हात चादरीवर नुसता पडलेला असायचा, समुद्रानं काठावर टाकलेल्या फांदीसारखा.

"पुन्हा पहिल्यासारख्या होतील का गं मावशी?" लेसिएली विचारायची.

"दुखवटा संपू दे," तोकिलुपे म्हणायची. पण तोवर हात विसरला तर? हाताला जसं शिकवता येतं तसंच त्याला विसरताही येतं.

हावेआला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पहाटे चर्चची घंटा वाजली. तोकिलुपे उठली, गुडघे टेकून प्रार्थना केली, तोंड धुतलं, भिजलेली पट्टी उचलली, मोगरी काढली, शेजारच्या अंगणात जाऊन बसली आणि ठोकू लागली. यातलं काही तिनं ठरवून केलं नव्हतं. सकाळ तिला हाताला धरून घेऊन गेली. निजलेल्या गावावर ठोके खणखणीत पडत होते.

"मावशी! अगं काय करतेस! थांब!" लेसिएली केस मोकळे तशीच धावत आली.

तोकिलुपेचा हात हवेत थिजला. गावात दुसरीकडे कुठेच आवाज नव्हता. आणि त्या शांततेत खिडकीतून आलं, टक्. मग पुन्हा काही नाही.

"ऐकलंस?" तोकिलुपे कुजबुजली.

"ऐकलं. अख्ख्या गावानं तुझं पण ऐकलं." लेसिएली खाली बसली. मग हळूच म्हणाली, "उशी घेऊन आत ये ना. उशीवर ठोक. कुणाला कळायचं नाही."

"देव काय बहिरा आहे?" तोकिलुपे म्हणाली. पण तिची नजर त्या खिडकीवरून हलत नव्हती.

चुकीची माफी मागायची तर तिची एक रीत आहे. तोकिलुपेनं कमरेला फाटकी चटई गुंडाळली, गळ्यात पानांची माळ घातली आणि हावेआच्या फाटकासमोर मान खाली घालून उन्हात बसली. मनात मात्र एक विनंती बांधून आली होती. माफी मिळाली की विचारायचं: रोज थोडेसेच ठोके, आजारी माणसासाठी, परवानगी द्या.

बऱ्याच वेळानं हावेआची बायको इलाइसाने स्वतः बाहेर आली. दुखवट्यात कापलेले केस कानाशी उभे राहिले होते. तिनं तोकिलुपेच्या गळ्यातली माळ काढली, म्हणजे माफी झाली, आणि तिला ओट्यावर शेजारी बसवलं.

"रोज तुझ्या मोगरीवर उठायची मी," इलाइसाने म्हणाली. "आजही उठले. चूल पेटवली, दोन कप मांडले. एकात तीन चमचे साखर घातली. त्यांना तेवढी लागायची, डॉक्टर काहीही म्हणो. मग हाक मारली. चहा झालाय, उठा."

तोकिलुपेला मान वर करवेना.

"दोनदा मारली," इलाइसाने म्हणाली. "रागावले नाही मी. तुझा हात काय आणि माझा काय, सारखेच गाढव. पण दुखवटा संपेपर्यंत नको गं. ती हाक पुन्हा मारायला लावू नकोस मला."

बांधून आणलेली विनंती तोकिलुपेच्या ओठांवर आली होती. तिनं इलाइसानेच्या हातांकडे पाहिलं. रिकामे हात मांडीवर एकमेकांना चोळत होते.

"नाही वाजवणार," ती म्हणाली.

घरी न जाता ती सरळ कालोलाइनीच्या खाटेशी गेली. खाली चटईवर बसून पाठ खाटेला टेकली. लेसिएलीनं आणून ठेवलेली उशी तिनं दूर सरकवली.

"नाही वाजवायचं," तिनं कालोलाइनीला सांगितलं. "तू विसरलीस तर विसरलीस. पुन्हा पहिल्यापासून करू." पाद्रीणबाईंच्या मटणाची गोष्ट त्या दिवशी अर्धीच राहिली होती. ती पुरी करावी असं मनात आलं, पण ठोक्याशिवाय तिला बोलायचीही सवय नव्हती. वाक्य कुठे संपवायचं तेच कळेना. बाहेर माशा घोंघावत होत्या. हावेआच्या घरून भजन ऐकू येत होतं, आणि तोकिलुपेचा गुडघा हलायला लागला. भजनाच्या तालात नाही. स्वतःच्याच, घाईघाईच्या, तुटक तालात. तिनं दोन्ही हातांनी तो आवळला. थांबेना.

खाटेवर काहीतरी सरकलं. तोकिलुपेनं या वेळी लगेच वर पाहिलं. कालोलाइनीचा डावा हात चादरीवरून घसरत, अडखळत, खाटेच्या कडेखाली लोंबला, तिच्या खांद्याला लागला, दंडावरून ओघळत खाली येऊ लागला. त्याला कुठला ताल नव्हता. थोडा यायचा, थांबायचा, दम खायचा. तोकिलुपेनं गुडघा उचलून त्याच्याजवळ नेला.

हात गुडघ्यावर पडला, आणि त्यानं तो दाबून धरला.

कालोलाइनी छताकडे बघत होती. वाकड्या तोंडातून नुसती हवा आली. पण काय म्हणायचं होतं ते तोकिलुपेला ठाऊक होतं.

"ऐकतेय गं," ती म्हणाली. "देवाचंच ऐकतेय."

गुडघा अजून आतून थरथरत होता. हातानं तो सोडला नाही.