एकाच कंसात

सर आधी दोन्ही तळहात कंसासारखे समोरासमोर उभे धरायचे, वीतभर अंतरावर, आणि मग विचारायचे, "मॅडम, आनि का किंवा?"

आमच्या पुसदच्या शाळेचे ते ग्रंथपाल. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला साधं बोलणं साधं म्हणून घेताच येत नाही. एकदा मुख्याध्यापक तणतणले, "आळशी आणि उशिरा येणाऱ्या शिक्षकांची यादी द्या." सरांचे हात वर. "साहेब, 'आनि' म्हनाल तं दोन नावं येतात. 'किंवा' म्हनाल तं आपन सगळेच येतो." ती यादी पुन्हा कोणी मागितली नाही.

हा रोग त्यांना संगणकातून लागला होता. त्यांनी त्यावर स्वतःपुरतं एक विकी, म्हणजे शोधता येणारी चिठ्ठ्यांची वही, केलं होतं. दर विद्यार्थ्याची एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर खुणा: नववी, चांगलं अक्षर, घर जवळ. वरच्या पट्टीत कंस करून अटी लिहायच्या, की खाली नावं यायची. मी मराठी शिकवणारी, मला ते काही केल्या कळेना. "एका कंसात दोन अटी म्हनजे एकच घर," सर म्हणाले. "दोघाईले पसंत पडला तरच पोरगा आत. दोन कंस म्हनजे दोन घरं. कोन्या एकाले पसंत पडला तरी आला. आन् वजा लावलं का दारातूनच वापस." एवढं मात्र मला कळलं.

हा सगळा खटाटोप होता अंध मुलांसाठी. दहावीच्या परीक्षेत त्यांना लेखनिक लागतो, म्हणजे ते सांगतील ते उत्तर लिहिणारा, आणि तो खालच्या वर्गातलाच हवा. ऐन वेळी लेखनिक आला नाही की सगळे सरांच्या खोलीकडे धावायचे.

मागच्या वर्षी दहावीतल्या आमच्या अंध पायलच्या विज्ञानाच्या पेपरला तेच झालं. सरांनी घाईत 'नववी' एका कंसात लिहिलं आणि 'चांगलं अक्षर' दुसऱ्या. म्हणजे 'किंवा'. सगळ्यात वर नाव आलं ते अकरावीतल्या एका मुलीचं. अक्षर मोत्यासारखं! सरांनी वर्ग न बघताच फोन लावला. केंद्रावरून तिला परत पाठवलं, दुसरी शोधण्यात वेळ गेला आणि पायल त्या एका विषयात राहिली. सरांनी भर सभेत सांगितलं, "चूक माझी." मला त्यांचा संताप आला होता, तो मी लपवलाही नाही.

घरच्यांनी तिला पुरवणी परीक्षेला पाठवलंच नाही. मिनतवारी करून आम्ही यंदाचा फॉर्म भरला, तर तिचा मामा बजावून गेला, "यंदा नाई निघाली तं बस झालं. घरीच बसन मंग."

यंदाचा विज्ञानाचा पेपर अकराचा, केंद्र आमचीच शाळा. सव्वादहाला निरोप आला, लेखनिक मुलीला ताप. पायल सरांच्या खोलीत बाकावर बसली होती, काठी मांडीवर घेऊन.

सरांनी सगळ्या अटी एकाच कंसात घातल्या. दुधाने तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून पीत होते. कंस बोटाने दोनदा मोजले. खाली एकही नाव नाही.

"काहून येऊन नाई राह्यलं?" मी ओरडलेच.

सरांनी चार-दोन चिठ्ठ्या उघडून पाहिल्या. दहा पंचवीस झाले.

"मॅडम, अक्षराची खून मी कितीक पोराईले लावलीच नाई. चिठ्ठीवर नाई म्हनजे अक्षर खराब, असं नसते. मी पाह्यलं नाई, एवढंच."

त्यांनी ती अट काढली. चार नावं आली. पहिल्याचा फोन बंद. दुसरी उमरखेडला मावशीकडे. तिसरीचे वडील म्हणाले, "आनतो." सरांनी फोन ठेवला आणि तिचा वर्ग मोठ्याने वाचला. "नववी. नववी हाये ना, मॅडम? तुमी बी वाचा." मीही वाचलं.

दहा पन्नासला ती पोर वडिलांच्या मोटरसायकलवरून उतरली. केंद्रप्रमुखांची अर्जावर सही झाली. आत जाताना पायल थांबली. "सर, या बारीले कंस बरोबर लागला ना?"

सरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि तळहात समोरासमोर उभे करून दिले. "सगळं आत हाये, बेटा."

पेपर सुटेपर्यंत ते व्हरांड्यात उभे होते. मी खुर्ची नेऊन दिली, पण बसले नाहीत. वर्षभराचा माझा राग तिथेच गेला.

निकालाच्या आठ दिवस आधी सर गेले. झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आठ दिवस तरी थांबायचं होतं हो त्यांनी.

पायल पास झाली. पेढे घेऊन शाळेत आली, तेव्हा मी सरांच्या खोलीत त्यांचं विकी उघडून बसले होते. तिच्या चिठ्ठीवर एक खूण होती, 'माझी चूक'. मी शोधून पाहिलं. सबंध विकीत ती खूण एवढ्या एकाच चिठ्ठीवर होती. मी तिला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "थांब, काढून टाकते."

"नका काढू, मॅडम. 'पास' बी लावा."

तिने काठी बाकाला टेकवली आणि दोन्ही तळहात समोरासमोर उभे धरले, वीतभर अंतरावर.

"एकाच कंसात."