पायथ्याशी बसलेला माणूस

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही.

"गुलेन-बॅरे सिंड्रोम वाटतोय," ते म्हणाले. "तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच नसांवर उलटली आहे. बहुतेक जण यातून बरे होतात. पण आधी वाढेल, तयारी ठेवा."

पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते, एवढंच निमित्त. मग तळव्यांना मुंग्या. बदलापूरला बिल्डिंगचा जिना उतरताना पाय दुमडला, तेव्हा सुनंदा, माझी बायको, मला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात घेऊन आली. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, मुलांना सेवेचे दाखले मीच टाइप करून द्यायचो. पोरं वाढीव गुणांसाठी सेवा करतात, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

चौथ्या दिवशी श्वास ओढवेना. व्हेंटिलेटर लावला, म्हणजे श्वास देणारं मशीन. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे इतरांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, पाच दिवस शिरेतून चढत होती. डोळे आणि कान तेवढे माझे उरले होते.

आणि तो आला. सकाळी, लख्ख उजेडात. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी पाठ करून बसला. चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, मान खाली. डॉक्टरांनी टोचलेली टाचणी पायांना कळत नव्हती, पण त्याचं वजन कळत होतं. गादी त्या बाजूला दबलेली असायची.

तीन आठवड्यांनी घशातली श्वासाची नळी निघाली, वॉर्डात आलो. तोही आला.

घोगऱ्या आवाजात मी सुनंदाला सांगितलं. ती रडायला लागली. "काही नाही हो तिथे. देवाचं नाव घ्या."

डॉक्टर म्हणाले, "याला डेलिरियम म्हणतात. आजारपणात मेंदू गोंधळतो, नसलेलं दिसतं. तुमच्या आजारात असे भास होतात. जातील." नर्सही म्हणायची, काही नाही तिथे. सगळे म्हणायचे. मग मी बोलणंच सोडलं, आणि तो अधिक ऐसपैस बसू लागला.

दुपारी चार ते पाच एनएसएसची मुलं वॉर्डात यायची. माझ्याकडे हर्षिता यायची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, उल्हासनगरची सिंधी मुलगी, दुसऱ्या कॉलेजची. पेपर वाचून दाखवायची. एकदा वाचता वाचता थांबली.

"काका, तुम्ही सारखं तिकडे काय बघता?"

"कुणी नाही."

"कोई तो है. सांगा ना."

मी सांगितलं. ती हसली नाही. "शर्ट कसा आहे? तोंड दिसतं?" असं सगळं विचारलं. मग उठून पायथ्याशी आली. "मला नाही दिसत, काका. पण मला इथे बसायचंय. त्याला जरा सरकायला सांगा."

मी सांगितलं. तो सरकला. गादीचा दाब हलताना मला जाणवला. ती शांतपणे त्याच्या शेजारी बसली आणि पुढची बातमी वाचू लागली.

मग रोज तिथेच. ती असली की तो असायचा, पण नुसता असायचा. परीक्षेमुळे ती चार दिवस आली नाही. चारही दिवस चार वाजता तो कडेला सरकून बसत होता. तिची जागा सोडून.

परतली तेव्हा विचारलं, "तुझे सेवेचे तास केव्हाच भरले असतील. अजून का येतेस?"

"आधी तासांसाठीच आले, काका. मैत्रिणीने नाव दिलं, म्हणून मी पण." तिने पेपरची घडी घातली. "आमच्या दादीला शेवटी घरात एक बाई दिसायची. मी मजाक करायचे. भावाला दाखवायला व्हिडिओ पण काढला. दादी गेली, मग एकदा तो नीट बघितला. ती घाबरून माझ्या मागे बघतेय, हात करतेय. और मैं हँस रही हूँ. एकदा पण मागे वळले नाही मी."

त्यानंतर तो कमी कमी येऊ लागला. एका मंगळवारी पायाचा अंगठा हलला. त्या दिवशी पायथा मोकळा होता. नंतर तो दिसला नाही. चार महिने फिजिओथेरपी झाली, वॉकर सुटला. तळवे अजून बधिर आहेत.

तुमच्या माणसाला असं कुणी दिसलं, तर डॉक्टरांना जरूर सांगा. पण त्याला "काही नाही" म्हणू नका. तुमचा माणूस तिथे एकटा पडतो.

हल्ली शनिवारी मी आमच्या कॉलेजच्या मुलांबरोबर अंबरनाथच्या एका हॉस्पिटलात जातो. ती मुलं का येतात, हे आता विचारत नाही. परवा एका आजोबांनी माझा हात घट्ट धरला. "खिडकीत कोण उभंय हो?"

मला खिडकीत नुसतं ऊन दिसत होतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? तरी मी स्टूल खिडकीला टेकवून बसलो आणि विचारलं, "कसा दिसतो, आजोबा?"

त्यांनी हात सैल सोडला आणि सांगायला लागले.