हळदीवालीच्या खालची जागा

मॅट्रिकच्या वर्गात मी एकटीच मुलगी, आणि रसायनाच्या चाचणीत सपशेल आपटलेली. मूलद्रव्यांचा तक्ता घडाघडा म्हणायचे, समजत मात्र काडीचं नव्हतं. मांडणाऱ्यानं न सापडलेल्या मूलद्रव्यांसाठी घरं रिकामी सोडली होती, असं मास्तर सांगत. मला ती थापच वाटे.

मास्तरांनी तोंडी परीक्षेची एक संधी दिली. "नाव सांगणार नाही. गुणधर्म सांगेन, जागा तू सांगायची."

भाजी विकणाऱ्या आईनं घरी बजावलं, "नापास झाली तं शाळा बंद. माह्याजवळ बाजारात बसजो."

वाशीमच्या आठवडी बाजारात तिच्या शेजारी माझं गोणपाट कायम अंथरलेलं असे. मला त्या गोणपाटाचा भारी राग यायचा.

परीक्षा पुढच्या बाजाराच्या दिवशी होती. या बाजाराला मी त्याच गोणपाटावर फणफणत घोकत होते. बाजारात कोणी कुठं बसायचं ते आई ठरवी. मसाल्याच्या रांगेत हळदीवालीच्या खालची जागा तिनं कित्येक आठवडे भांडून रिकामी ठेवली होती. "तिथं मिरचीवाली पाह्यजे. येईन कोणी."

एवढ्यात अनसिंग गावाच्या वाटेनं एक अनोळखी बाई आली. डोक्यावर झाकलेली पाटी. तिनं डोळ्यांवर ओघळलेला घाम पुसला, पण बोटांनी नाही, कोपरानं.

"हळदीवालीच्या खाली बस, बाई," आई लगेच म्हणाली.

फडकं निघालं. आत लाल मिरची!

"तुले कसं समजलं?" मी विचारलं.

"मिरचीचा हात कोणी डोयाले लावते काय?"

मी तक्ता पुन्हा उघडला. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आवडला.

परीक्षेत मास्तर म्हणाले, "मऊ धातू, सुरीनं कापता येतो. क्लोरीनशी एकास एक जुळतो. पाण्यावर तरंगतो, पण सोडियमपेक्षा जास्त भडकतो, आपोआप पेट घेतो."

"सोडियमच्याच उभ्या रांगेत, त्याच्या लगेच खाली."

मास्तरांनी नाव विचारलंच नाही. पास केलं.

मी धावत बाजारात गेले. माझ्या गोणपाटावर एक मेथीवाली ऐसपैस बसली होती.

"माही जागा?"

"सकायीच देली तिले."

"अवं माय, मी पास झाली थे तं आत्ता समजलं!"

आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत राहिली. "तुयी जागा इथं नाही, थे मले कवाचंच दिसत होतं."