शेवटची दोन चित्रं

हेर्डिस क्विस्टगॉर्द चौतीस वर्षं शाळेच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. फ्योर्डच्या, त्या चिंचोळ्या खाडीच्या, काठावरच्या गावातल्या निम्म्या कलावंतांचे दुधाचे दात तिने पाहिले होते. त्यांच्या प्रतिभेचा धाक तिला वाटणं शक्यच नव्हतं. निवृत्तीनंतर तिने गावच्या कलामंडळाच्या, ग्रंथालयात भरणाऱ्या वार्षिक प्रदर्शनाची चित्रं टांगायचं काम अंगावर घेतलं, ते काही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. दुसऱ्या कुणी टांगली की ती वाकडी लागत, एवढंच.

दरवर्षी तेच. सूर्यास्त, होड्या, होड्यांमागे सूर्यास्त. फोटो काढणाऱ्यांचं सगळं धुक्यात. काय काढलंय ते दिसत नाही, तेवढीच बघणाऱ्याची सुटका, असं ती म्हणे. आणि नळकाम करून निवृत्त झालेला प्रेबेन अकरा वर्षं एकाच दीपगृहाचं चित्र काढत होता.

"अरे, त्या दीपगृहाला आता सुट्टी दे की," ती शिडीवरून म्हणाली.

"पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने काढतो ना."

"गोल आहे ते. दुसरी बाजू कुठून आणणार?"

प्रेबेन हसला. त्याला राग येत नसे, आणि त्याचाच तिला राग येई.

कलामंडळाची एक रीत होती. भाग घेणाऱ्या प्रत्येकाने एक चित्र सोडतीला द्यायचं. शेवटच्या दिवशी बिस्किटांच्या डब्यातून सभासदांचे क्रमांक निघत, आणि ज्याचा निघेल त्याने उठून हवं ते चित्र उचलायचं. चित्रं जितकी, तितकेच क्रमांक. म्हणजे शेवटचं चित्र कुणी निवडलेलं नसे, ते नुसतं कुणाच्या तरी गळ्यात पडे. हेर्डिस त्याला सगळ्यांदेखत 'अनाथ' म्हणायची. एका वर्षी औषधांच्या दुकानवाल्या थॉर्किलने स्वतःचंच चित्र उचललं. "स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच भेट पाठवली," हे तिने पुढची तीन वर्षं गावभर सांगितलं.

यंदा मात्र तिने स्वतः एक फोटो दिला होता. दवाखाना बंद झाला त्या दिवशीची तिथली पेशंटची खुर्ची. दिवा विझलेला, पाठीवर कागदी रुमाल, खिडकीतून आलेला थोडा उजेड. एवढ्या भिंतीवर खरं असं हे एकच आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. गावातल्या कुणीतरी उठून तो मागून घ्यावा, एवढंच तिला हवं होतं. इतकं तिला बऱ्याच वर्षांत काही हवंसं वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी ग्रंथपाल सोल्वाय डबा घेऊन उभी राहिली. खाऱ्या बिस्किटांच्या काड्या आणि आंबट पांढरी वाईन फिरत होती. पहिला क्रमांक निघाला, सूर्यास्त गेला. दुसरा सूर्यास्त गेला. लोक खुर्चीसमोर येत, क्षणभर थांबत, गालावर हात ठेवत आणि पुढे सरकत.

"चांगलाय गं फोटो," बेकरीवाली इंगेर म्हणाली, "पण माझी दाढ आठवली बघ." तिने होड्या उचलल्या.

धुकंसुद्धा गेलं. भिंतीवर दोनच उरली: दीपगृह आणि खुर्ची. डब्यात दोन क्रमांक.

"सत्तावन्न," सोल्वाय म्हणाली. तो हेर्डिसचा होता.

ती उठली. थॉर्किल काडी चावत तिच्याकडेच बघत होता. नुसता वाट बघत होता. हेर्डिस भिंतीपर्यंत गेली आणि म्हणाली, "दीपगृह."

शेवटचा क्रमांक प्रेबेनचा निघाला. तो आधी तिच्याकडे आला, डोळे पुसत. "हेर्डिस, अकरा वर्षांत हे कुणी आपणहून घेतलं नव्हतं. आणि तू घ्यावंस? तुला कळतं यातलं."

"हं," ती म्हणाली.

"कुठे लावणार?"

"बाहेरच्या खोलीत," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग येत्या रविवारी मी आणि बायको बघायलाच येतो. केक मी आणीन." मग त्याने खुर्ची काखेत घेतली. "ही घरी नाही हं लावणार, नातवंडं घाबरतील. अवजारांच्या खोपीत लावीन, आतल्या बाजूला."

हेर्डिसला रडू येत होतं आणि तेही प्रेबेनसमोर, याची तिला भयंकर लाज वाटली. ती शिडी आवरायला गेली.

शनिवारी तिने सोफ्यामागच्या भिंतीत खिळा ठोकला. दीपगृह नीट, सरळ बसलं. आता ते उतरवायची सोय नव्हती, आणि त्या खोपीत एकदा जाऊन आपली खुर्ची बघून यावी असं वाटतंय, हे गावात कुणाला सांगायची सोय तिने कधीच ठेवली नव्हती.